मोबाईलवरची मोटर : सोय मोठी, पण मेन स्विच विसरू नका



ऊस हे बारमाही पीक आणि शेतीची लाइन पाळीनं येणारी. कधी दिवसा, तर कधी ऐन मध्यरात्री. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात घाटावर असो की घाटाखाली, हातात बॅटरी घेऊन बांधाबांधानं विहीर गाठणं कुणाला चुकलेलं नाही. साप, रानडुक्कर, ओलसर पेटीचा झटका, सगळं त्याच वाटेवर. म्हणून मोबाईलवर चालणारा स्टार्टर गावोगावी बसू लागला, याचं आम्हाला समाधानच आहे.

हे यंत्र काही परदेशातून आलेलं नाही. पुण्याचे इंजिनिअर संतोष ओस्तवाल यांनी मोटर चालू करण्यासाठी आपल्या आजोबांना पडणारी पायपीट पाहून त्यावर उपाय शोधायला घेतला. त्यातूनच पुढे ‘नॅनो गणेश’ तयार झालं. २००९ साली नोकिया कंपनीच्या स्पर्धेत त्याला बक्षीसही मिळालं. आता अशी यंत्रं इतरही कंपन्या करतात.

काम साधं आहे. जुन्या स्टार्टरला एक छोटी पेटी जोडतात, तीत सिमकार्ड असतं. आपला फोन गेला की हिरवं बटण दाबण्याचं काम पेटीच करते. चांगली पेटी उलट निरोपही देते : लाइन आली, एक फेज गेला, मोटर बंद पडली. विहिरीचं पाणी तुटलं की मोटरवरचा भार कमी होतो, अँपिअर उतरतो. हे ओळखून काही पेट्या मोटर आपोआप थांबवतात. तेव्हा घेताना “चालू-बंद होते का?” एवढंच विचारू नये, “काय काय कळवते?” हेही विचारावं.

बसवण्यापूर्वी एवढं पाहावं :

१. ज्या कंपनीचं सिम टाकायचं, तिची रेंज विहिरीवर उभं राहून तपासावी. घरी रेंज आहे म्हणजे मळ्यात असेलच असं नाही. नुसत्या टू-जीवर चालणाऱ्या पेटीत जिओचं सिम चालत नाही.

२. पेटी लोखंडी असेल तर अँटेना बाहेर काढावा. अर्थिंग नीट करावं.

३. स्टार्टर साधा की स्टार-डेल्टा, हे दुकानदाराला आधी सांगावं. जोडणी वायरमनकडूनच करून घ्यावी.

४. लाइन येताच सगळ्यांच्या मोटरी एकदम उठल्या तर डीपीवर ताण येतो. म्हणून ऑटोवर ठेवताना प्रत्येकानं काही मिनिटांचा फरक ठेवावा. शेजाऱ्यांनी आपसात वेळा ठरवून घ्याव्यात.

५. सिमचं रिचार्ज संपू देऊ नये.

आता मुख्य गोष्ट. पूर्वी मोटर चालू करणारा माणूस विहिरीवरच उभा असायचा. कोण उतरलंय, कुणाचा हात पेटीत आहे, हे त्याला दिसायचं. आता बटण गावात आणि मोटर मळ्यात. थोरला भाऊ फूटव्हॉल्व्ह काढायला विहिरीत उतरलेला आणि धाकट्यानं घरून फोन लावला, तर काय होईल हे सांगायला नको. “मी फोनवरून बंद केलीय” यावर भिस्त ठेवू नये. दुसऱ्या नंबरवरून किंवा ठरवलेल्या वेळेला ती पुन्हा सुरू होऊ शकते.

म्हणून नियम एकच. विहिरीत उतरण्याआधी, पेटी उघडण्याआधी मेन स्विच खाली ओढावा, किटकॅट काढून स्वतःच्या खिशात ठेवावेत आणि वर एक माणूस उभा करावा. “मोटर दुरून चालू होते, हात लावू नये” अशी पाटी स्टार्टरजवळ रंगवून घ्यावी. सालगडी आणि लेकरांनाही हे समजावून सांगावं. पेटीत नंबर घरातल्या जबाबदार दोघांचेच नोंदवावेत.

रात्रीची पायपीट वाचली, तशी घरातली माणसंही सुखरूप राहावीत, हीच आमची इच्छा. ज्यांनी स्टार्टर बसवला आहे, त्यांनी हा नियम या पाळीपासूनच अमलात आणावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी