बांधावरची गौर

भाद्रपदात, अनुराधा नक्षत्रावर, कोकणातल्या पुष्कळ घरांत गौर येते ती थेट बांधावरून. घरच्या लेकी-सुना पाणवठ्याकडे जातात, फुललेला तेरडा मुळासकट उपटतात, मुळं धुऊन जुडी बांधतात. तेरडा कापायचा नाही, कारण ती मुळं म्हणजे गौरीची पावलं. घरी आल्यावर जुडीला साडी नेसवतात, दागिने घालतात, कुणी मुखवटा बसवतं. सोबत कळलावीची लाल-पिवळी फुलं असतात; त्यांना गौरीचे हातच म्हणतात. कुठे खड्यांची गौर असते, विदर्भ-मराठवाड्यात उभ्या महालक्ष्म्या असतात. मला मात्र तेरड्याची गौर सर्वांत जवळची वाटते. रानातलं रोप जसं उगवलं तसंच तिथे देवी होतं.

आल्या दिवशी भाजी-भाकरी, ज्येष्ठा नक्षत्रावर पुरणपोळी, काही घरांत तिखटाचा नैवेद्यही. नव्या सुनेचा ओवसा, म्हणजे गौरीपुढे ठेवायचं सुपातलं वाण. मूळ नक्षत्रावर निरोप.

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण या फुलावर अन्याय करते. एकेक फूल लवकर गळतं हे खरं, पण पानांच्या बगलेतून नवी फुलं कितीतरी आठवडे येत राहतात. फुलामागे शेपटीसारखी बारीक नळी असते, मध तिच्यात. त्यासाठी लांब सोंडेची फुलपाखरं येतात. फुलात आधी पराग तयार होतात. पुंकेसरांची टोपी गळून पडली की मगच आतली कुक्षी उघडी पडते. त्यामुळे त्या फुलाला स्वतःचे पराग सहसा लागत नाहीत. पुढे बोंड पिकतं आणि बोट लावताच फट्कन फुटून बी चहूकडे उडतं. ही बोंडं फोडण्यात कोकणातल्या पोरांची दुपार जाते, आणि नकळत पेरणीही होते.

त्या पेरणीवरच सगळं अवलंबून आहे. तेरडा एका पावसाळ्याचा सोबती. पुढच्या वर्षी उगवतो तो फक्त बियांतून. गौरीच्या दिवसांत तो ऐन फुलात असतो, बरीचशी बोंडं अजून पिकायची असतात. तेव्हा उपटलेलं रोप मागे फारसं बी ठेवत नाही. घरापुरती जुडी बांधावरून नेली तर काही बिघडत नाही. शहरातल्या बाजारासाठी अख्खा उतार मोकळा केला तर बिघडतं. बांधावर तणनाशक मारलं तर उपटायलाही काही उरत नाही.

म्हणून यंदा गौर आणायला जाल तेव्हा एका जागचा सगळा तेरडा काढू नका, निम्मा तरी बोंडं पिकेपर्यंत राहू द्या. शहरात असाल तर गावाकडून मूठभर बी आणा आणि पहिल्या पावसात कुंडीत टाका.