लिटरभर पाणी आणि दहाचा ठिपका

बीड जिल्ह्यातल्या केजला मी मुलांना नेमबाजी शिकवतो म्हटलं, की पालक आधी बंदुकीची किंमत विचारतात. रास्त आहे. ऑलिंपिकमध्ये दिसते ती परदेशी एअर रायफल दोन लाखांच्या पुढे जाते, आणि आमच्याकडची कितीतरी घरं दिवाळी झाली की ऊसतोडीसाठी कोयता घेऊन साखर कारखान्याच्या वाटेला लागतात. पण सुरुवातीला ती रायफल लागत नाही, हे मी पोटतिडकीने सांगत असतो.

दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. नळीच्या टोकावरची साइट पाव मिलिमीटर सरकली, तरी छर्रा तिथे तीनेक मिलिमीटर बाजूला लागतो नि दहाचे नऊ होतात. ही पाव मिलिमीटरची हालचाल होते श्वासाने, सैल गुडघ्याने, चाप झटक्यात ओढल्याने. महागडी रायफल यातलं काहीच थांबवत नाही.

म्हणून पिस्तूल शिकायला आलेल्याच्या हाती मी आधी लिटरभर पाण्याची बाटली देतो. एअर पिस्तुलाचं वजन साधारण तेवढंच. कोऱ्या भिंतीसमोर उभं राहून ती एका हाताने खांद्याच्या उंचीवर धरायची आणि हात थरथरायच्या आत खाली घ्यायची. आईवडील तोडीला गेलेली, आजीजवळ राहणारी माझी एक विद्यार्थिनी ओसरीवर हे रोज करते. तिचं मनगट आता जागचं हलत नाही.

रायफलसाठी शाळेची देशी, स्प्रिंगची, ओपन साइटची एअर रायफल पुरते. शालेय स्पर्धांत ओपन साइटचा वेगळा प्रकार असतो. मात्र स्प्रिंगची बंदूक छर्रा न घालता कधीच उडवायची नाही, आतलं सील खराब होतं. नुसता धरायचा सराव करायचा तर स्प्रिंग न ताणता करावा. नळीवर रुपयाचं नाणं ठेवावं आणि ते पडू न देता उभं राहावं.

रेंज शाळेच्या हॉलमध्येही होते. लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर, मागे चिंध्या दाबून भरलेली जाड लाकडी पेटी आणि भरीव भिंत. त्या बाजूला दार-खिडकी नको. छर्रे शिशाचे, म्हणून हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही. ४.५ मिलिमीटर नळीच्या, २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, तरी मोठं माणूस शेजारी नसताना तिला हात लावू देत नाही.

पुढे खर्च येतो, तोही मी लपवत नाही. पण तो सगळा घरातूनच भागवावा लागतो असं नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे शिक्षकाचा मुलगा. राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत तो घडला, पुढे रेल्वेत नोकरीला लागला आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकला. नेमबाज अंजली भागवत यांच्या हाती रायफल आली ती एनसीसीत. म्हणून पालकांना माझं सांगणं एवढंच, की पहिलं वर्ष काहीही विकत घेऊ नका. शाळेत एनसीसी आहे का ते विचारा, आणि शालेय स्पर्धेची प्रवेशिका कधी भरायची, प्रबोधिनीच्या निवड चाचण्या कधी असतात, हे बीडच्या जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन विचारा.