रॉस यांची नोकरी आणि रॉस यांची मते

अमेरिकन विद्यापीठांतील विचारस्वातंत्र्याची कहाणी सांगताना एडवर्ड ऑल्सवर्थ रॉस हे नाव टाळता येत नाही, आणि ते आदराने घेववतही नाही. मी रॉस वाचायला घेतले ते एका अन्यायग्रस्त प्राध्यापकाच्या शोधात. हाती आले ते जरा वेगळेच.

जन्म १८६६, इलिनॉयचा. आईवडील लहानपणीच गेले, आयोवातल्या परक्या घरी वाढ झाली. १८९१ मध्ये जॉन्स हॉपकिन्सची डॉक्टरेट आणि १८९३ पासून स्टॅनफर्डला अध्यापन. हे विद्यापीठ लेलँड स्टॅनफर्ड यांच्या रेल्वेच्या पैशावर उभे राहिलेले. त्यांच्या मागे सारा कारभार पत्नी जेन यांच्या शब्दावर चाले. रॉस मात्र चांदीच्या चलनाची बाजू घेत आणि ट्राम नगरपालिकेच्या मालकीच्या असाव्यात असे जाहीर सांगत. बाईंना हे खुपत होतेच. मे १९०० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत कामगार संघटनांच्या सभेत रॉस जपानी स्थलांतरितांविरुद्ध बोलले. स्वस्त मजुरांमुळे स्थानिकांची मजुरी घसरते एवढ्यावर ते थांबले नाहीत. वंशाचा मुद्दाही त्यांनी आणला. (स्टॅनफर्ड यांचा लोहमार्ग हजारो चिनी मजुरांनी डोंगर फोडून घातला होता, हेही ध्यानात ठेवावे.) जेनबाईंनी अध्यक्ष जॉर्डन यांच्यामागे लकडा लावला आणि नोव्हेंबरात रॉस यांना जावे लागले. जाताना त्यांनी सारी हकिगत स्वतःच वर्तमानपत्रांना दिली!

इतिहासाचे प्राध्यापक जॉर्ज हॉवर्ड यांनी वर्गातच या कारवाईचा निषेध केला आणि माफी मागण्यापेक्षा नोकरी सोडली. आणखीही काहींनी राजीनामे दिले. त्यांतले तत्त्वज्ञानाचे तरुण अध्यापक आर्थर लव्हजॉय १९१५ मध्ये अमेरिकन प्राध्यापकांच्या संघटनेच्या संस्थापकांत होते. देणगीदाराच्या नाराजीवर प्राध्यापकाची नोकरी टांगलेली नसावी, हा आग्रह त्या संघटनेने धरला. मतांची किळस वाटूनही मला हॉवर्ड यांचेच पटते. त्या दिवशी बाई वंशवादाला शिक्षा करत नव्हत्या. आपल्या पगारावरचा माणूस आपल्याला न विचारता बोलतो, हे त्यांना सोसत नव्हते.

रॉस यांचे पुढे काही अडले नाही. १९०१ मध्ये ‘सोशल कंट्रोल’ हा त्यांचा गाजलेला ग्रंथ आला. पोलीस आणि कायदा यांच्याइतकाच लोकमत, रूढी आणि शिक्षण यांचाही माणसावर कसा वचक असतो, याची त्यात मांडणी आहे. नेब्रास्कामार्गे ते १९०६ मध्ये विस्कॉन्सिनला गेले आणि १९३७ पर्यंत तिथे शिकवत राहिले. १९१४ मध्ये त्यांनी दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्यांविरुद्ध आख्खे पुस्तक लिहिले. १९१७ च्या कायद्याने भारतासह आशियाच्या मोठ्या भागातल्या मजुरांना अमेरिकेचे दार बंद झाले. १९२४ च्या कायद्याने जपान्यांनाही.

१९३६ च्या आत्मचरित्रात वंशभेदाबद्दलची आपली पूर्वीची समजूत आता उरली नाही, अशी कबुली रॉस देतात. दारे बंद करणारे ते कायदे तेव्हाही लागू होते.