साप काढला तर?
परिसंस्थेचा धडा आला की मी अन्नजाळं ड्रॉ.आयओवर काढतो. फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही, आणि डेस्कटॉपची आवृत्ती एकदा उतरवून घेतली की नेटवाचूनही चालते. शाळेतलं नेट ज्यांनी पाहिलंय, त्यांना याचं मोल सांगायला नको.

भात, नाकतोडा, उंदीर, बेडूक, साप, घार अशा चौकटी आधी मांडून घ्यायच्या. चौकटीवर कर्सर नेला की कडांना फिकट बाण उमटतात. त्यातला एक धरून दुसऱ्या चौकटीपर्यंत ओढायचा, ती उजळली की सोडायचा. मग चौकट कुठेही सरकवा, बाण तिच्यामागे येतो. नुसता शेजारी आणून ठेवलेला बाण मात्र जागचा हलत नाही. फळ्यावर साप कोपऱ्यात सापडला की सगळं पुसून पुन्हा काढणं आलं.

शिकवण्याची खरी जागा म्हणजे बाणाची दिशा. मुलं हटकून बेडकाकडून नाकतोड्याकडे बाण काढतात. झेप बेडूक घेतो ना! पण बाण ऊर्जेचा, म्हणजे भक्ष्याकडून भक्षकाकडे जाणारा. ज्याचा चुकला त्याच्याच हाती माउस द्यावा. दिशा सुधारली की साप निवडून डिलीट दाबायला सांगायचं. चौकट जाते, तिचे बाण लोंबकळत राहतात. (कंट्रोल धरून डिलीट दाबलं तर बाणही जातात; इथे ते नको.) त्या मोकळ्या टोकांकडे बघून पोरं बोलू लागतात: उंदीर वाढणार, भात खाणार, घारीचं एक भक्ष्य कमी झालं. एवढं कुठल्याही ॲनिमेशनने साधत नाही.

पुढचं काम किरकोळ. गूगल स्लाइड्समध्ये एसव्हीजी घेता येत नाही, म्हणून पीएनजी करायचं. ते करताना आकृतीची प्रत आत ठेवण्याच्या पर्यायावर खूण केली, तर तेच चित्र पुढच्या वर्षी ड्रॉ.आयओत उघडून बदलता येतं. मजकूर युनिकोडमधलाच हवा. डीटीपीच्या जुन्या फॉन्टमधली प्रश्नपत्रिका चिकटवली तर अगम्य खुणा उमटतात. स्लाइडवर मी मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्ता' वापरतो, त्यातली जोडाक्षरं मागच्या बाकावरूनही वाचता येतात. कॅन्वाही शाळेतल्या शिक्षकांना पडताळणीनंतर मोफत मिळतं, पण तिथे सजावटीतच संध्याकाळ जाते.

फुकटचं कायम राहीलच असं नाही. गूगलचा जॅमबोर्ड २०२४च्या अखेरीस बंद झाला. मूळ फाइल पेनड्राइव्हवर ठेवावी.