मराठी टंकनाची प्रणाली निवडताना

किल्लारीच्या भूकंपाच्या (३० सप्टेंबर १९९३) आठवणी माझ्या वडिलांनी एका वहीत लिहून ठेवल्या होत्या. २००४ साली लातुरातील एका डीटीपीच्या दुकानात त्या टंकून घेतल्या, एक छापील प्रत काढली आणि सीडी कपाटात जपून ठेवली. पुढे वहीला वाळवी लागली. गेल्या वर्षी सीडी उघडली, तर पडद्यावर मराठीचे एकही अक्षर नाही. इंग्रजी अक्षरे, कंस आणि डॉलरच्या चिन्हांचा नुसता खच. दुकान केव्हाच बंद झालेले.

फाइल बिघडलेली नव्हती. संगणक मुळात आकडे साठवतो. त्या काळी डीटीपीत रूढ असलेल्या बहुतेक मराठी फॉन्टांत इंग्रजी अक्षराचाच आकडा साठवला जाई आणि फॉन्ट त्या जागी देवनागरी आकार रेखाटी. कोणत्या आकड्यावर कोणता आकार, याची वाटणी ज्याची त्याची निराळी. म्हणून तो विशिष्ट फॉन्ट नसेल, तर मजकूर असूनही वाचता येत नाही. युनिकोडमध्ये 'क'चा क्रमांक ०९१५ हाच असतो, मग संगणक नांदेडचा असो वा न्यू जर्सीचा. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची आणि विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोयही आली होती. परंतु छपाईची पाने ज्या पेजमेकरवर लावली जात, त्याला युनिकोडमधील देवनागरी पेलत नसे. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही.

तेव्हा प्रणाली विनामूल्य आहे की महाग, सुबक आहे की साधी, हे प्रश्न नंतरचे. मी लिहिलेले दुसऱ्याच्या यंत्रावर, दहा वर्षांनी, ही प्रणाली नसतानाही वाचता येईल का, हे आधी विचारावे. नांदेडच्या विद्यापीठात प्रबंध लिहिणाऱ्याला तर हा प्रश्न टाळताच येणार नाही, कारण जुन्या फॉन्टातील प्रबंधात एखादा मराठी शब्द शोधू गेल्यास तो सापडत नाही.

परीक्षा सोपी आहे. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन शब्द टंकून पाहावेत. पहिल्यात गुरुजन आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. हा भेद ज्या प्रणालीत दाखवता येत नाही, ती मराठीसाठी अपुरी. मग मजकूर उचलून ई-मेलमध्ये चिकटवावा आणि दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावा. 'ॲप' हा शब्दही लिहून पाहावा. त्यातील 'ॲ'ला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले. त्यामुळे जुन्या फॉन्टांत त्या जागी रिकामी चौकट दिसू शकते. ज्या वस्तूची निवड करायची तिचे नावच धड उमटू नये, ही गंमतच!

कळफलकाचा प्रश्न मात्र ज्याच्या त्याच्या गरजेचा. अधूनमधून पत्र लिहिणाऱ्याला रोमन उच्चारावरून मराठी उमटवणारा कळफलक पुरे. विंडोज १० मध्ये तो २०१९पासून आहे. लिपिक-टंकलेखकाच्या भरतीसाठी मिनिटाला ३० मराठी शब्दांची तयारी करणाऱ्याने आधी परीक्षेतील कळफलकाची मांडणी पाहावी. तेथे जुन्या टंकयंत्राची रेमिंग्टन मांडणी असेल, तर सवय तिचीच हवी. पण ज्यांना रोज लिहायचे आहे त्यांना मी इनस्क्रिप्टच सुचवेन. स्वर डावीकडे, व्यंजने उजवीकडे. आठवडाभर बोटे अडखळतात, मग नाही. शिवाय इंग्रजी 'के'च्या कळीवर 'क' येतो तो देवनागरीत, तेलुगूत, कन्नडमध्ये आणि गुरुमुखीतही. देगलूर-उदगीरच्या सीमेवर दोन लिप्यांत व्यवहार करणाऱ्यांना किंवा नांदेडमध्ये मराठीबरोबर पंजाबी लिहिणाऱ्यांना याचे मोल निराळे सांगायला नको. उर्दूची लिपी वेगळ्या कुळातली, तिला हा नियम लागू नाही.

मोबाइलवर एक सावधगिरी अधिक हवी. कळफलकाचे ॲप आपण टंकलेले प्रत्येक अक्षर पाहू शकते, बँकेचा पासवर्डसुद्धा. अँड्रॉइड तशी सूचना देतो आणि आपण ती न वाचता 'ठीक आहे' दाबतो. अनोळखी ॲपचे सुंदर रंग पाहून भुलू नये. बोलून लिहिण्याची सोय ज्येष्ठांना वरदान आहे. मात्र 'काय करलालास' असे लातुरी ढंगात विचारले, तर यंत्र गोंधळण्याचीच शक्यता अधिक. वडिलांच्या पिढीचे बोलणे जसेच्या तसे टिपायचे असेल, तर ध्वनिमुद्रण करून हाताने उतरवणे बरे.

आमच्या सीडीतील मजकूर अखेर परिवर्तकातून काढला. त्यासाठी मूळ फॉन्टचे नाव लागते. ते फाइलच्या गुणधर्मांत सापडले. जोडाक्षरे काही ठिकाणी तुटली आहेत, ऱ्हस्व-दीर्घ हलले आहेत. छापील प्रत शेजारी ठेवून रोज दोन पाने तपासतो. परवा पहाटेच्या हादऱ्याचे पान झाले. त्यात 'हादऱ्या'चा 'र' चुकलेला होता.