परदेशांतील सेवा आणि स्नेह

परदेशीं जाणाऱ्यांचे हेतु निरनिराळे असतात. कोणी विद्येसाठीं जातो, कोणी व्यापारासाठीं. परंतु केवळ सेवेसाठीं जो जातो, त्याचे तेथील दिवस कसे जातात व परक्यांशीं त्याचा स्नेह कसा जडतो? हैफा येथील बहाई पंथाच्या विश्वकेंद्रांत नाना देशांचे तरुण कांहीं काळ सेवा करावयास राहतात. त्यांच्यापुढेंहि हाच प्रश्न असतो. त्याचें उत्तर आपल्या सोलापुरच्या एका सुपुत्राच्या चरित्रांत सांपडतें.

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 रोजीं सोलापुरांत झाला. मुंबईस त्यांनीं वैद्यकीचें शिक्षण घेतलें. 1937 सालीं जपाननें चीनवर स्वारी केली, तेव्हां चिनी सेनापति चू तेह यांनीं पंडित नेहरूंकडे साहाय्य मागितलें. राष्ट्रसभेनें अटल, चोळकर, कोटणीस, बसू व मुखर्जी असे पांच डॉक्टर पाठविले. 1 सप्टेंबर 1938 रोजीं त्यांनीं मुंबई सोडली.

1939 च्या आरंभीं हें पथक येनान येथें पोंचलें. पिवळ्या मातीच्या टेंकड्या कोरून केलेल्या गुहा हींच तेथील घरें. जेवणांत मुख्य धान्य राळे. आपल्या जिल्ह्यांतील वडीलधाऱ्यांस राळे ठाऊक आहेत. पोट भरतें, परंतु रोज तेंच खाणें सोपें नव्हे. पाहुण्यानें निराळें ताट मागितलें कीं तो पाहुणाच राहतो. यजमानाचेंच अन्न आनंदानें खाल्लें कीं तो घरचा होतो.

स्नेहाची दुसरी पायरी म्हणजे भाषा. कोटणीस चिनी भाषा इतकी शिकले कीं पुढें तींतूनच विद्यार्थ्यांस शिकवूं लागले. रोग्याची वेदना दुभाष्याच्या तोंडून कळणें निराळें आणि त्याच्याच शब्दांत ऐकणें निराळें. पांचांच्याहि चिनी नांवांस ‘हुआ’ हा शब्द जोडण्यांत आला. ‘हुआ’ म्हणजे चीन.

तिसरी पायरी सर्वांत कठीण, ती टिकून राहण्याची. वडील वारल्याची वार्ता त्यांस चीनमध्यें कळली. घरीं परतावें असें कोणाहि मुलास वाटेल. तरी ते कामावर राहिले. पुढें तीन सहकारी परतले; कोटणीस व बसू राहिले. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून शस्त्रक्रिया करितांना बोटास झालेल्या जखमेचें विष भिनून 1939 सालीं वारले होते. त्यांच्या नांवानें चाललेल्या रुग्णालयाचें प्रमुखपद 1941 सालीं कोटणीसांकडे आलें. आघाडीमागील खेड्यांत घायाळ सैनिक व शेतकरी यांची शुश्रूषा हाच त्यांचा दिनक्रम झाला.

त्याच वर्षीं परिचर्या शिकविणाऱ्या क्वो चिंगलान यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट 1942 मध्यें मुलगा झाला. त्याचें नांव ‘यिनहुआ’. ‘यिन’ म्हणजे हिंदुस्थान, ‘हुआ’ म्हणजे चीन. पुत्रसुख फार दिवस लाभलें नाहीं. अपस्माराच्या झटक्यांनीं 9 डिसेंबर 1942 रोजीं, वयाच्या 32 व्या वर्षीं, त्यांचा अंत झाला. घरच्यांस ते पुन्हां दिसले नाहींत.

शुभवर्तमानांतील चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण ऐकिली आहे. त्यानें जखमी मनुष्याची जात किंवा गांव विचारलें नाहीं. त्याच्या जखमा बांधिल्या, त्यास उतारशाळेंत नेलें, आणि स्वतः त्याची काळजी घेतली. कोटणीसांनींहि तेंच केलें. उपकारकर्ता म्हणून उंचावर उभें राहणाऱ्यास आभार मिळतात, मित्र मिळत नाहींत. जो शेजारीं बसून जेवतो, बोली शिकतो आणि संकटांत सोडून जात नाहीं, त्यासच मित्र लाभतात.

पालकांनींहि हें ध्यानांत घ्यावें. ही शिकवण परदेशीं गेल्यावर मिळत नाहीं. वर्गांत नवा आलेला, निराळी भाषा बोलणारा मुलगा एकटा बसला असेल, तर तिची सुरुवात त्याच्या बांकावर जाऊन बसण्यानें होते. सोलापुरांत कोटणीसांचें स्मारक आहे. तें पाहावयास जातांना मुलांनीं एखादा असा सोबती बरोबर न्यावा.