डोळ्यावरचा वडस आणि बिलावरचा कोड

नेत्रशस्त्रक्रियेच्या बिलाविषयी एका बालरोगतज्ज्ञाने लिहावे, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. नेत्रतज्ज्ञ मित्रांच्या अंगणात घुसण्याचा माझा हेतू नाही. परंतु पिरनवाडीसारख्या ठिकाणी, जेथे एका बाजूस उद्यमबागचे कारखाने आणि दुसऱ्या बाजूस खानापूर रस्त्याकडची शेती आहे, तेथे औषधाची चिठ्ठी हातात पडल्यावरही आई-वडील लगेच उठत नाहीत. पिशवीतून विमा कंपनीचे पत्र बाहेर येते आणि "डॉक्टरसाहेब, एवढं वाचून सांगा की" अशी विनंती होते. अशी पत्रे वाचता वाचताच या विषयाकडे माझे लक्ष गेले.

डोळ्याच्या पृष्ठभागावरील वाढ म्हणजे एकच रोग नव्हे. उन्हात व धुळीत राबणाऱ्या माणसाच्या बुबुळावर नाकाच्या बाजूने सरकत येणारे त्रिकोणी मांस म्हणजे वडस, अर्थात टेरिजियम. निपाणीकडे तंबाखूच्या शेतात हयात घालविलेल्या वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांत तो आपण पाहिलेला असतो. बाळाच्या बुबुळाच्या कडेवर जन्मतःच असणारी पांढरट, क्वचित बारीक केस असलेली गाठ म्हणजे लिंबल डर्मॉइड. आणि वरून वडसासारखी दिसणारी, पण आत कर्करोगाची सुरुवात दडवून बसलेली, अशी तिसरी वाढ. रुग्णाच्या तोंडी तिन्हींना नाव एकच, 'डोळ्यात मांस वाढलंय'. कागदावर मात्र त्यांच्या वाटा पूर्ण वेगळ्या होतात. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत वडसाचा कोड एच ११.०, नेत्रश्लेष्मलेच्या साध्या गाठीचा डी ३१.०, पारपटलाच्या साध्या गाठीचा डी ३१.१, आणि कर्करोग पसरू लागला असेल तर नेत्रश्लेष्मलेसाठी सी ६९.०.

या वर्गीकरणाचे मूळ १८९३ मध्ये बर्तियाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने मांडलेल्या मृत्युकारणांच्या यादीत आहे. मृत्यूंची मोजदाद करण्यासाठी जन्मलेली ही यादी पुढे जिवंत माणसांची बिले मंजूर-नामंजूर करू लागली! अमेरिकेत शस्त्रक्रियांची स्वतंत्र कोडावली १९६६ पासून आहे. तेथे कलमाशिवाय वडस काढला तर ६५४२०, कलम लावले तर ६५४२६. नेत्रश्लेष्मलेची गाठ एक सेंटिमीटरपर्यंत असेल तर ६८११०, त्याहून मोठी असेल तर ६८११५. माप लिहिले नसेल तर मोठ्या गाठीचे बिल उभेच राहत नाही. आपल्याकडील कितीतरी पदवीधर मुले-मुली पुण्याला, बेंगळुरूला बसून अमेरिकेतील रुग्णांचे हे कोड अचूक भरतात. त्यांच्याच आजोबांच्या डिस्चार्ज कार्डावर मात्र 'डोळ्याचे ऑपरेशन' एवढेच लिहिलेले असते.

आपल्याकडे ही चौकट नाही असेही नाही. विमा नियामक प्राधिकरणाने २०१३ मध्ये आरोग्यविम्याच्या दाव्याचे अर्ज सर्व कंपन्यांसाठी एकसारखे केले. त्यातील 'भाग ब' रुग्णालयाने भरावयाचा असतो, आणि त्यात रोगाच्या व शस्त्रक्रियेच्या कोडांसाठी जागा ठेवलेली आहे. ती बहुधा रिकामी राहते, किंवा बिलिंगच्या खिडकीवरील मुलगा अंदाजाने भरतो. त्या बिचाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. डॉक्टरांनी जे लिहिले नाही ते त्याने आणावे कोठून?

एक उदाहरण सांगतो. कारखान्यात टर्नर असलेल्या एका गृहस्थांचा चार वर्षांचा मुलगा. डाव्या बुबुळाच्या खालच्या, बाहेरील कडेवर डर्मॉइड. माझ्याकडे येण्यापूर्वीच्या कागदावर कुणीतरी लिहिले होते, 'जन्मजात पांढरा डाग, पालकांच्या इच्छेनुसार काढणे'. या एका ओळीने दावा दोन कारणांनी पडला. शस्त्रक्रिया सौंदर्यासाठी आहे, हे पहिले कारण. व्यंग जन्मजात व बाह्य आहे, हे दुसरे. मी माझ्या परीने मुलाचे कान, मणके, हृदय तपासले, कारण अशी गाठ कधीकधी गोल्डनहार सिंड्रोमचा भाग असते. नेत्रतज्ज्ञांनी औषध घालून नंबर काढला. त्या डोळ्यात चारचा सिलिंड्रिकल नंबर निघाला आणि डोळा आळशी होऊ लागला होता. म्हणजे प्रश्न दिसण्याचा नव्हता, पाहण्याचा होता. हे सर्व आकड्यांसह लिहून पाठविल्यावर कंपनीने सौंदर्याचे कारण मागे घेतले. दुसरे घेतले नाही. बाह्य जन्मजात व्यंगाचा अपवाद त्या पॉलिसीत स्पष्ट छापलेला होता, आणि तसा तो अनेक पॉलिसींत असतो. अखेर सरकारी योजनेतून शस्त्रक्रिया झाली. परंतु या पत्रापत्रीत आठ महिने गेले.

वडीलधाऱ्यांच्या वडसाला आठ महिने थांबता येते. चार वर्षांच्या डोळ्याला थांबता येत नाही. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत दृष्टी घडत असते. शिवाय गाठ काढली म्हणून नंबर जातोच असे नाही. चष्मा, चांगल्या डोळ्यावर पट्टी हे सारे पुढे चालूच राहते, आणि त्याचे बिल कोणी देत नाही. म्हणून नेत्रतज्ज्ञ मित्रांना माझी विनंती आहे, की मुलाच्या पहिल्याच कागदावर कोणता डोळा, गाठीचे माप, दृष्टी आणि नंबर या गोष्टी लिहाव्यात. डोळा उजवा की डावा हे न लिहिल्यास पुढे दुसऱ्या डोळ्याचे बिल दुबार समजले जाण्याची भीती असते. आणि गाठ जन्मजात असेल तर पालकांना पॉलिसीतील तो अपवाद पहिल्याच दिवशी दाखवावा, म्हणजे निदान त्यांचे महिने तरी वाचतील.

वडसाच्या बाबतीत कलमाची नोंद महत्त्वाची. नुसता वडस खरवडून काढला तर तो पुन्हा येण्याचे प्रमाण मोठे असते. १९८५ मध्ये केनियन व सहकाऱ्यांनी रुग्णाच्याच नेत्रश्लेष्मलेचे कलम लावण्याची पद्धत मांडली आणि हे चित्र पालटले. त्यात वेळ अधिक जातो. टाक्यांऐवजी फायब्रिन ग्लू वापरला तर खर्चही वाढतो. शस्त्रक्रियेच्या टिपणात कलमाचा उल्लेखच नसेल तर बिलाला कात्री लागणारच. याच्या उलट, कलम त्याच कोडात धरलेले असताना त्याचे वेगळे बिल लावणे हा प्रकारही आपल्या व्यवसायात आहे. तो चलाखीचा नव्हे, लबाडीचा भाग आहे.

काढलेला तुकडा पॅथॉलॉजीकडे पाठवावा, आणि संशय असेल तेथे अहवाल येईपर्यंत अंतिम कोड भरू नये. ज्या मुलांची त्वचा उन्हात काळ्या ठिपक्यांनी भरते व ज्यांना उजेड सोसत नाही, अशा झेरोडर्मा पिगमेंटोसमच्या मुलांत डोळ्याच्या पृष्ठभागाचा कर्करोग लहान वयातही होतो. आपल्या भागात नात्यातील विवाह होतात, म्हणून हे ध्यानात ठेवावे. येथे वडस समजून लिहिलेला कोड केवळ पैशांचा घोटाळा करीत नाही, पुढील उपचारच चुकवितो.

कर्नाटकात २०१८ मध्ये आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजना सुरू झाली. तीत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, आणि इतरांस पॅकेज दराच्या ३० टक्के, दीड लाखाच्या मर्यादेत, अशी रचना करण्यात आली. उपचार कोणत्या गटात बसतो यावर तो कोठे होणार हे ठरते. तातडीचे उपचार सोडले तर खाजगी रुग्णालयासाठी साधारणतः सरकारी रुग्णालयाची शिफारस लागते. शस्त्रक्रिया उरकून शिफारस मागायला येणाऱ्यांना मी काहीच मदत करू शकत नाही.

खाजगी विम्याचा दावा फेटाळला गेल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्यास फी नाही, वकीलही लागत नाही. कर्नाटकासाठी हे कार्यालय बेंगळुरूला आहे.

आपल्या सीमाभागात आणखी एक पदर आहे. निपाणीकडचा रुग्ण कोल्हापूर-मिरजेला सहज जातो. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये सीमाभागातील ८६५ गावांना महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला, आणि त्यावरून दोन्ही राज्यांत वादही झाला. त्या वादात मला येथे शिरावयाचे नाही. रुग्णाने इकडील कार्ड घेऊन तिकडे जाण्यापूर्वी तेथील आरोग्यमित्राला आपले गाव, रेशनकार्ड आणि निदानाचा पूर्ण कागद दाखवून विचारावे, आणि तो कागद आपण डॉक्टरांनी वाचता येईल अशा अक्षरात लिहावा.